साडेदहा इंची खोका

२०२३ साल. त्या वर्षीच्या जानेवारीत ईश्वर रामटेके गेले आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या नातीची, प्रियाची, मेरठला निवड चाचणी होती. या दोन गोष्टींच्या मध्ये जे अडीच महिने गेले त्यांतलं द्रौपदीबाईंना फारसं काही आठवत नाही. एरवी बाईंची स्मरणशक्ती अशी की १९८४ साली लखनौला आल्या तेव्हा पहिल्या दिवशी शेजारणीनं कोणती भाजी वाटीत घालून दिली तेही सांगतील. पण त्या अडीच महिन्यांतला एक खोका तेवढा लक्षात राहिला. बाकी सगळं पांढरं.

रामटेके मूळचे भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे. ईश्वर रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते, डब्यांमधलं लाकडाचं काम करायचे. निवृत्तीनंतर लखनौच्या तेलीबागेत बांधलेल्या दोन मजली घरात खाली हे दोघं आणि वर मुलगा नागसेन, सून मृणाल आणि प्रिया. नागसेन गोमती नगरच्या एका बँकेत, मृणाल सरकारी दवाखान्यात नर्स. प्रियाला बाराव्या वर्षी शाळेतून धनुर्विद्येचा नाद लागला, तो सुटला नाही. आता ती सतरा संपवत होती. अठरा वर्षांखालच्या गटातली तिची ही शेवटची चाचणी. पहिल्या चारांत आली तर राज्याच्या संघात, नाही तर या गटाचं दार बंद.

तिच्याकडे एकच धनुष्य होतं. ते सुटं होतं: मधला धातूचा दांडा, त्याला वर-खाली अडकवायची दोन लांब पाती, पुढे लावायची काठी. सुटं करून कापडी पिशवीत भरायचं आणि निघायचं. आदल्या वर्षी अशाच पिशवीत ते घेऊन ईश्वर नातीबरोबर मेरठला निघाले होते. पिशवी खालच्या बर्थखाली ठेवली. हरदोईला ते चहा आणायला उतरले. तेवढ्यात कोणीतरी चढलं आणि लोखंडी ट्रंक त्याच जागेत पायानं आत ढकलून दिली. मेरठला पिशवी उघडली तर एका पात्याला पीळ पडलेला. प्रिया त्याच वाकड्या पात्यानं खेळली आणि नववी आली. नवं पातं मिळायला पुढे चार महिने गेले.

प्रिया काही बोलली नाही. बोलले ते ईश्वर, आणि वर्षभर एकच वाक्य बोलले. "मी उतरायला नको होतं."

दिवाळीनंतर त्यांनी जाड प्लायवुड आणलं. "खोका करतो," म्हणाले. सहा फळ्या कापल्या, पॉलिश पेपरनं घासल्या, व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवल्या. मग थंडी वाढली, ते थांबले. उन्हं निघाली की जोडू म्हणाले. एकोणीस जानेवारीला सकाळी दाढी करता करता ते खुर्चीवर बसले ते उठलेच नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी लखनौतली ओळखीची सगळी मराठी माणसं आली. भंतेजी आले, वंदना झाली, बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी ईश्वरचा फोटो ठेवला. बायका द्रौपदीबाईंच्या जवळ येऊन बसत होत्या आणि वाट पाहत होत्या. बाई रडल्या नाहीत. कोणाला पाणी हवं, कोणाच्या ताटात खीर राहिली, हे बघत राहिल्या. निशातगंजच्या एक वहिनी जाता जाता मृणालच्या कानाशी म्हणाल्या, "रडू दे गं त्यांना. आत राहिलं की वाईट." जसं काही मृणालनंच अडवून धरलं होतं.

फेब्रुवारीत एका रविवारी नागसेन व्हरांड्यात चहा पीत उभा होता.

"आई, या फळ्यांचं काय करायचं? मी प्रियाला तयार केस मागवून देतो. चाकंवाली येते, कडक प्लास्टिकची."

"कापून ठेवल्यात त्या," द्रौपदीबाई म्हणाल्या.

"कापल्यात, पण बघ ना." त्यानं टेप काढून मोजलं. "लांबी चौतीस, रुंदी चौदा, ठीक आहे. उंची साडेदहा! कशाला? सगळं काढून ठेवलं तर पाच इंचांत मावतं. बाबांचं काहीतरी चुकलंय."

प्रिया जिन्यावर बसून बुटाची नाडी बांधत होती. "इसमें तो मैं भी आ जाऊँगी, आजी," ती म्हणाली आणि लगेच पुन्हा बुटावर वाकली.

"पाच इंच वरून कापून घेऊ," नागसेन म्हणाला.

"कापायचं नाही."

बाईंनी हे इतक्या सपाट आवाजात सांगितलं की नागसेननं टेप खिशात घातली.

दुपारी घर रिकामं झाल्यावर त्या फळ्यांपाशी जाऊन बसल्या. प्रत्येक फळीच्या एका टोकाला पेन्सिलीनं बारीक 'द' लिहिलेला होता. ही ईश्वरची जुनी पद्धत. कारखान्यात मदतनीस असायचा, घरी द्रौपदी. करवत चालवताना, खिळा मारताना दुसरं टोक तिनं धरायचं. कुठे धरायचं ते आधीच लिहून ठेवायचे, म्हणजे ऐन वेळी ओरडावं लागत नाही. चाळीस वर्षं हे चाललं होतं. घरातल्या पाटापासून कपाटापर्यंत, रंगाखाली, सगळीकडे 'द' होता.

आता दोन्ही टोकं त्यांनाच धरायची होती.

पण साडेदहा का? ईश्वर लाकूड वाया घालवणारे नव्हते. व्हरांड्यातल्या खिळ्याला एक नाडी लटकत होती. प्रियाच्या त्या जुन्या कापडी पिशवीची. मेरठहून परत आल्यावर ईश्वरनी ती काढून तिथे अडकवली होती आणि धुऊ म्हटलं तरी कोणाला हात लावू दिला नव्हता. नाडीला दोन गाठी होत्या. बाईंनी ती खाली घेतली, एक गाठ फळीच्या खालच्या कडेला धरली. दुसरी गाठ बरोबर वरच्या कडेला आली. केसाचाही फरक नाही.

मग त्यांना ते दिसलं. परतीच्या गाडीत हा सत्तरीचा माणूस गुडघ्यावर बसला असणार, बर्थखाली डोकं घालून. धनुष्य केवढं हे त्यांनी मोजलंच नव्हतं. बर्थखालची जागा मोजली होती. खोका असा हवा की आत सरकवला की वर बोटभरही फट राहू नये, कोणाची ट्रंक त्याच्यावर जाऊच नये. आयुष्यभर रेल्वेच्या डब्यात काम केलेल्या माणसालाच हे सुचणार.

हे समजल्यावर आपल्याला काहीतरी वाटेल अशी बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. काही वाटलं नाही. मग त्यांनी ड्रिल आणलं.

पुढचे तीन आठवडे त्या रोज दुपारी खोका करत होत्या. कोपरे काटकोनाच्या गुण्यानं तपासून जोडले. आधी फेविकॉल, मग स्क्रू, कारण ईश्वर नुसत्या खिळ्यांवर विश्वास ठेवत नसत. बिजागऱ्या जुन्या कपाटाच्या काढल्या. आतल्या मऊ भागासाठी रायबरेली रोडवरच्या गजेंद्रकडे गेल्या. तो स्कूटरच्या सीटा शिवायचा. ईश्वरची आणि त्याची दोस्ती होती, दोघं बसून तासन् तास लोकांच्या कामाला नावं ठेवायचे.

"अम्मा, हारमोनियम रखना है क्या?" माप ऐकून गजेंद्रनं विचारलं.

"धनुष."

"धनुष!" त्यानं सुई थांबवली. "रामलीला वाला?"

"नहीं. पोती का. मेडल वाला."

गजेंद्रनं मग नीट विचारपूस केली. खोका उंच होता, तर त्याचे तीन थर करू म्हणाला. सर्वांत खाली बाणांची नळी आणि काठी, मधे दांडा, वर दोन पाती, आणि झाकणाला गादी. सीटमधला दाट फोम त्यानं स्वतःच्या हातानं कापला, दांड्याच्या वळणाप्रमाणे खाचा पाडल्या. जाताना म्हणाला, "रामटेके बाबू देखते तो दस ग़लती निकालते."

"पंद्रह," द्रौपदीबाई म्हणाल्या.

बाणांसाठी पाण्याच्या पाइपचा तुकडा घेतला, दोन्ही बाजूंना बुचं. पात्यांना गुंडाळायला मृणालनं दवाखान्यात वापरतात तशा क्रेप बँडेजच्या गुंडाळ्या आणल्या. त्या देताना तिनं सासूचा हात धरला.

"आई, हे काय? नख काळंनिळं झालंय. कधी ठेचलं?"

बाईंनी अंगठा उजेडात धरून पाहिला. नख मुळापासून जांभळं होतं. "कोण जाणे," त्या म्हणाल्या.

"दुखत नाही?"

"नाही बाई."

मृणाल नर्स होती. तिनं बर्फ आणला आणि बाजूला बसून राहिली.

खोका पुरा झाला त्या दिवशी आणखी एक काम उरलं होतं. ईश्वरच्या हातचं स्टूल असो, पाट असो, तयार झालं की ते आधी द्रौपदीला त्याच्यावर बसवायचे. "बस," एवढंच म्हणायचे आणि वाकून खालचे सांधे बघायचे. करकर ऐकू आली की पुन्हा खोलायचे. बाईंनी खोका व्हरांड्याच्या मधोमध ठेवला, पदर सावरला आणि बसल्या. आवाज आला नाही. समोर भिंत होती, जिथे फळ्या टेकवलेल्या असायच्या. तिथे धुळीची रेघ राहिली होती. त्या बराच वेळ तिच्याकडे बघत बसल्या. वरून प्रियानं हाक मारली तेव्हा उठल्या.

मेरठला कोण जाणार हा प्रश्न होता. मार्चअखेर, नागसेनला बँकेतून हलता येणार नव्हतं. मृणालची ड्यूटी. प्रियाचे कोच मुलांना घेऊन आधीच गेले होते.

"मी जाते," द्रौपदीबाई म्हणाल्या.

"आई, तुझे गुडघे..."

"गुडघे बसूनच जाणार आहेत."

सकाळची गाडी होती. चारबागला नागसेननं खोका उचलून डब्यात ठेवला आणि गाडी हलायच्या आत उतरला. खालचे दोन्ही बर्थ यांचेच होते. प्रिया वाकली, खोका आत सरकवू लागली. खोका अडला. तिनं फिरवून पाहिला, दुसऱ्या बाजूनं लोटून पाहिला.

"आजी, नहीं जा रहा."

"जाईल. सरळ धर."

"सीधा ही तो है! देखो ना."

बाई खाली बसल्या. पिशवीतून नाडी काढली. सोबत का घेतली होती ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एक गाठ जमिनीला टेकवली, दुसरी वर ताणली. ती बर्थच्या लोखंडी कडेच्या वर गेली. चांगली बोटभर. मग त्यांनी मान वळवून डबा पाहिला. भिंती वेगळ्या, खिडक्या वेगळ्या, बर्थचा रंगसुद्धा वेगळा. वर्षभरात या गाडीचे डबे बदलले होते. ईश्वरनी मोजला तो जुना डबा होता, त्यांच्या कारखान्यात त्यांच्या हाताखालून गेलेल्यांपैकी. डबे बदलतील हे त्यांच्या मनात आलंच नसणार. त्यांच्या लेखी रेल्वेचा डबा म्हणजे तोच.

"चुकलात ना," बाई बर्थखाली तोंड करून म्हणाल्या. "चुकलात की नाही?"

अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्यांना राग आला. एवढ्या गाठी मारल्या, कोणाला सांगायचं तरी, एकदा टेप घेऊन स्टेशनावर जायचं तरी. पण कोणाला सांगतील तर ते ईश्वर कसले.

मागून माणसं चढत होती. मेरठहून पुढे हरिद्वारला निघालेलं एक मोठं कुटुंब, डबे, कळशा, गाद्या. त्यांतला एक मिशाळ माणूस खोक्याला हारमोनियम समजून म्हणाला, "माताजी, बाजा ऊपर वाली बर्थ पर चढ़ा दें? हम चढ़ा देते हैं."

"नको," बाई म्हणाल्या, मग हिंदीत, "नहीं. गिरेगा."

"तो रास्ते में थोड़े रहेगा!"

बाईंनी प्रियाला खूण केली. दोघींनी मिळून खोका दोन बर्थांच्या मधल्या जागेत, खिडकीशी ओढला. बाई त्याच्यावर बसल्या, तोंड आतल्या बाजूला करून.

"अब हमारे पैर कहाँ जाएँगे?" मिशाळ माणसानं विचारलं.

"पैर हमारे भी हैं, भैया," बाई म्हणाल्या. "आप वहाँ बैठिए, हमारी जगह. अपनी माँ को भी बिठाइए."

दिवसाची गाडी, खिडकीची अख्खी जागा मिळत होती. कुटुंब खूश झालं. म्हातारी पाय वर घेऊन ऐसपैस बसली आणि म्हणाली, "बड़ी भक्तिन हैं. बाजे को ज़मीन पर भी अकेला नहीं छोड़तीं." प्रियाला हसू आलं. ते लपवायला तिनं तोंड खिडकीकडे वळवलं.

हरदोई आलं. चहावाला खिडकीशी ओरडत होता. प्रिया हसायची थांबली. फलाटाकडे बघत राहिली, आणि मग मराठीत बोलली. ती असं क्वचितच करायची.

"आजी. आबा इथेच उतरले होते."

"माहीत आहे."

"तुला नाही माहीत. माझं डोकं दुखत होतं. मीच म्हटलं, आबा चाय ला दो. ते म्हणत होते, गाडी थोडीच थांबते, पुढे घेऊ. मी ज़िद केली." तिनं खिडकीची सळई धरली. "घरी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, मुझे चाय की तलब थी. मी काहीच बोलले नाही. पूरे साल नहीं बोली."

द्रौपदीबाईंनी नातीकडे पाहिलं. तिच्या कानात ईश्वरचंच वाक्य वर्षभर पडत होतं, जेवताना, चहा पिताना, आणि दर वेळी तिला खरं काय ते ठाऊक होतं. तो खोकाही तिच्या डोळ्यांसमोर झाला होता.

"तू सांगितलं नसतं तरी ते उतरले असते," बाई म्हणाल्या. "हरदोईला चहा न पिता हा माणूस पुढे गेलेला मी पाहिला नाही. आमच्या लग्नानंतर पवनीला जाताना एकदा नागपूरला मला डब्यात एकटीला सोडून असेच गेले होते. गाडी सुटायला लागली तरी कप परत करत होते."

"सच में?"

"मग काय खोटं? मी साखळी ओढणार होते."

प्रियानं नाक पुसलं. "चाय लूँ?"

"घे. खिडकीतून घे. मी उठणार नाही."

त्या उठल्या नाहीत. शहाजहानपूर, बरेली, मुरादाबाद. हरिद्वारवाल्यांनी पुऱ्या दिल्या, त्या बसल्या जागी खाल्ल्या. कोणी ट्रंक घेऊन आलं की पाय थोडे आखडायचे आणि पुन्हा खाली टेकायचे. प्रिया दोनदा म्हणाली, मी बसते, तू जरा पाठ टेक. त्यांनी मान हलवली. हापूर गेलं तेव्हा उन्हं कलली होती. खोक्यातून एकदाही करकर आली नाही.

मेरठला हरिद्वारवाल्या मिशाळ माणसानं हात पुढे केला. "माताजी, उठिए." बाई उठायला गेल्या, तर कमरेखाली काहीच नव्हतं. पाय होते, पण दुसऱ्या कोणाचे तरी. त्यानं आणि प्रियानं दोन्ही बाजूंनी धरून त्यांना फलाटावर उतरवलं आणि बाकड्यावर बसवलं. खोका समोर ठेवला.

"आधी उघड," बाई म्हणाल्या.

"आजी, इथे? होटल में..."

"उघड."

प्रियानं कड्या काढल्या. बँडेज सोडलं, एक पातं उचललं, डोळ्यासमोर आडवं धरून एक डोळा मिटला. मग दुसरं. येणारी-जाणारी माणसं थांबून बघायला लागली.

"सीधा है," ती म्हणाली. "आजी, दोनों सीधे हैं."

तेवढ्यात बाईंच्या पायांत रक्त फिरायला लागलं. आधी टाचा, मग पोटऱ्या. हजार सुया टोचल्यासारख्या झिणझिण्या आल्या आणि त्या मोठ्यानं "आई गं" म्हणून रडायला लागल्या. प्रिया घाबरून पाय चोळायला बसली. बाई हातांनी तोंड झाकून रडत राहिल्या. पुढची गाडी आली, गेली. कोणीतरी पाणी दिलं. नंतर घरी त्यांनी एवढंच सांगितलं की पायाला मुंग्या आल्या होत्या, फार दुखलं.

प्रिया चौथी आली. एका गुणानं. संघात शेवटचं नाव तिचं. पुढे देशपातळीवर खेळली, तिथे फार काही झालं नाही. आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सकाळी लहान मुलांना धनुष्य कसं धरायचं ते शिकवते. तिच्याकडे चाकांची तयार केस आहे, नागसेननं घेऊन दिलेली. त्याची दीड वर्षापूर्वी भोपाळला बदली झाली, महिन्यातून एकदा येतो. मृणाल त्याच दवाखान्यात आहे, आता वॉर्डाची मुख्य नर्स. गजेंद्रची जागा रस्ता रुंद करताना गेली. तो मुलाकडे कानपूरला राहतो आणि दिवाळीला फोन करून विचारतो की फोम बसला तर नाही ना.

हरदोईची गोष्ट प्रियानं आई-बापांना सांगितली की नाही, हे द्रौपदीबाईंनी कधी विचारलं नाही.

त्यांच्या अंगठ्याचं नख गळून नवं आलं, जरा वेडंवाकडं. खोका त्यांच्या खोलीत आहे. दिवाणाखाली जात नाही म्हणून बाहेरच असतो, त्यावर गोळ्या आणि चष्मा. मागच्या एका फळीवर पॉलिशखालून 'द' दिसतो. नवीन कोणी आलं की अजूनही विचारतं, घरात बाजा कोण वाजवतं? बाई म्हणतात, कोणी नाही. मग गोळ्या आणि चष्मा उचलून घेतात आणि पाहुण्याला म्हणतात, "बसा."